अंगी लागणं

नाफ्तालानला लोक येतात काळ्या तेलात बसायला.
दहा मिनिटं, गळ्यापर्यंत, अंगाइतकं ऊन तेल,
मग कुणीतरी लाकडी पट्टीनं ते निपटून काढतं
पाठीवरून, पोटऱ्यांवरून, कढईची कड निपटावी तसं.
मी तळघरात असते. मला माणसं दिसत नाहीत,
त्यांच्या नळ्या येतात.

तांबडं तळाशी बसलं की वर उरतं
फिकट पिवळं पाणी.
त्यातला थेंब पट्टीवर ठेवायचा, वीज सोडायची.
प्रथिनं धावतात, कुणी पुढे, कुणी रेंगाळत,
आणि कागदावर डोंगर उमटतात:
एक उंच, अल्ब्युमिनचा. मागे चार बुटके.
एकोणीस वर्षं बघते मी ही रांग.
खोलीला खिडकी नाही.

एकशे चौदा नंबरच्या नळीत उंच डोंगर खचलेला,
आणि टोकाचा, एरवी टेकडीएवढा,
अंग फुगवून बसलेला.
पट्टी पुन्हा लावली. पुन्हा तेच.
लिहिलं: अल्ब्युमिन तेवीस. खाली सही, सदागत.

त्या आकड्यानं त्याचं तेल थांबवलं.

शेकीहून आला होता. अलोव्सत.
बेचाळीस वर्षं तंदूरमध्ये हात घालून रोट्या लावलेला.
आधी कोपरं, मग गुडघे, आणि गेल्या हिवाळ्यापासून
टाळूपासून तळव्यापर्यंत लाल, खपल्यांनी भरलेला.
त्याची बायको मेहपारा वर जिन्यात ओरडत होती,
मला खालीही ऐकू आलं:
"गाय विकली आम्ही या तेलासाठी!
खातो तो. दोन माणसांचं खातो.
पण अंगी लागत नाही."

डॉक्टर मेहमंदारोवा भांडल्या नाहीत.
वॉर्ड झाडणाऱ्या तुकेझबानला एवढंच म्हणाल्या,
उद्या त्याची चादर बाहेर झटकू नकोस,
कागदावर झटक, आणि खाली नेऊन दे.

सव्वीस ग्रॅम. एका रात्रीचे.
पीठ चाळल्यावर उरतो तसा कोंडा,
पांढरट, फुंकरीनं उडेल इतका हलका.
मी माणसं नळीत मोजते.
त्या दिवशी एक चिमटीत धरला.

हे अंडं होतं. हे परवाचं दही.
हा तो मटणाचा तुकडा
जो मेहपारानं स्वतःच्या ताटातून त्याच्या ताटात सारला.
पोटातून रक्तात, रक्तातून कातडीत,
आणि कातडी महिन्याचं काम चार दिवसांत उरकून
चादरीवर टाकून मोकळी.
यकृत तरी काय करणार?
अंगभर आग लागल्याची वर्दी आलेली,
ते विटा पाडायचं सोडून बादल्या घडवत बसलंय.
अंगी लागत होतं, मेहपारा.
लागत होतं, आणि गळत होतं.

हे तिला सांगायला म्हणून वर गेले.
सांगितलं नाही.
तो खाटेवर पाय खाली सोडून बसला होता,
पाय कसले, उखळं.
रक्तात पाणी धरून ठेवणारं कमी पडलं
की पाणी आपली वाट सोडतं, सखल जागा शोधतं.
हे मला पाठ आहे. पाहिलं नव्हतं.
त्यानं नडगीवर अंगठा दाबला, उचलला.
खळगा तसाच राहिला.
"आमच्याकडे असा खळगा राहिला ना, बाई,
तर पीठ जास्त आंबलं म्हणतात.
दोष पिठाचा नाही. कुणीतरी उशीर केलेला असतो."
आणि हसला. हसताना ओठ चिरला,
त्यानं तो चादरीच्या टोकानं टिपला.

तीन आठवडे झाले. तेल अजून नाही.
मलमं, गोळ्या, उकडलेली अंडी, पायांखाली उशी.
कागदावर सव्वीसचे एकोणीस झाले,
मध्ये एकदा पुन्हा चोवीस.
मेहपारा आता ओरडत नाही, अंडी सोलते.

आज सकाळी नळीबरोबर तुकेझबान निरोप घेऊन आली:
तो विचारतोय, तळघरातल्या बाईंना म्हणावं,
पीठ बसलं का?

पट्टी ओली आहे अजून.
मी वाळायची वाट बघतेय.